मंगळवार पेठेत हळू बोलल्याचे परिणाम

बसा, चहा टाकलाय. तोवर माझ्या खुळेपणाची एक हकिकत ऐका. खुळेपणा म्हणजे साधासुधा नव्हे हं! अख्खी मंगळवार पेठ मी दीड महिना कामाला लावली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. हसू आलं तर खुशाल हसा, फक्त तोंडात चहा असताना हसू नका.

आधी माझ्या आवाजाबद्दल सांगायला पाहिजे. माझी पिठाची गिरण आहे. वडिलांची होती, आता माझी. दोन जाती आणि एक मिरची कांडप. तिन्ही चालू असली की समोरचं गिऱ्हाईक बोलताना नुसते ओठ हलताना दिसतात. त्यामुळं गेली वीस वर्षं मी जे काही बोलतो ते ओरडूनच. 'शाळू बारीक काढू की जाडसर?' असं मी गिऱ्हाइकाला विचारलं की कोपऱ्यावरचा पानवाला उत्तर देतो.

आणि कोल्हापुरात मोठ्यानं बोलणं म्हणजे भांडण नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बाहेरगावचा माणूस दोघांचा आवाज ऐकून सोडवायला धावतो, आणि ते दोघं एकमेकांना जेवायला बोलवत असतात. इथं हळू बोलतो तो एक तर आजारी, नाही तर काहीतरी विकायला आलेला.

तर मला एकच मुलगी. तेजू. आठ वर्षांची. एप्रिलमध्ये तिची परीक्षा होती. मी गिरणीतच तिला समोर उभी करून पाढे विचारत होतो. गर्दीची वेळ, पट्टा सारखा निसटत होता, डोकं तापलेलं. सात सक किती, म्हणून विचारलं. ती गप्प. परत विचारलं. गप्प. मग माझा तोल गेला आणि नको नको ते बोललो. डोकं आहे का खोकं, इथपर्यंत गेलो.

तेव्हा तिनं उत्तर दिलं. म्हणजे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. हनुवटी थरथरत होती. मशीन बंद केलं तरी आवाज नाही. त्या संध्याकाळी पोरगी जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी नुसता 'तेजू' म्हणून हाक मारली तरी दचकली. स्वतःच्या पोरीनं आपल्या हाकेला दचकावं, याच्यासारखी लाज नाही बघा. मला माझाच राग आला.

माझी बायको वैशाली तेव्हा फोनवर कुठल्या तरी ताईंचे वर्ग ऐकत होती. जेंटल पेरेंटिंग. म्हणजे मुलांना धाक न दाखवता समजुतीनं वाढवायचं. आणि त्याच्याच पुढची पायरी अनस्कूलिंग. शाळा नाही, घंटा नाही, वेळापत्रक नाही. मूल ज्याच्या मागं लागेल त्यातून ते शिकतं, आपण फक्त बरोबर राहायचं. एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण ती थरथरणारी हनुवटी डोळ्यांपुढून हलत नव्हती. म्हटलं, करू. वर्षभर करून बघू. शाळेत जाऊन सांगून आलो.

आता नियम ऐका. मुलाशी बोलताना खाली बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला यायचं. उत्तर देण्याआधी लांब श्वास घ्यायचा. आवाज खालच्या पट्टीत. एकदम 'नाही' म्हणायचं नाही. आणि मनात जे येईल ते लपवायचं नाही, शांतपणे बोलून दाखवायचं.

मी एखादी गोष्ट मनावर घेतली की अर्धवट करत नाही. जूनपासून सुरू केलं.

तेजूनं रस्त्यात काही विचारलं की मी जागच्या जागी उकिडवा बसायचो. वजन ब्याण्णव किलो. त्यामुळं बसताना भिंतीचा आधार घ्यावा लागायचा आणि उठताना तेजूचा. बसलो की डोळे मिटून लांब श्वास घ्यायचो, आणि मग हळू आवाजात बोलायचो. हळू बोलायला लागलं की आपोआप पुस्तकातलं मराठी तोंडात येतं, हा माझा अनुभव. 'तेजू, मला या क्षणी थोडं अस्वस्थ वाटतं आहे' असलं काहीतरी मी भर चौकात, भाजीच्या गाड्याला धरून बसून बोललेलो आहे.

आणि सवय फक्त पोरीपुरती कशी राहणार? गिऱ्हाइकांशीही मी तसाच बोलायला लागलो. मशीन थांबवायचो, श्वास घ्यायचो आणि मग बोलायचो.

पहिल्यांदा विचारलं ते शेवंताअक्कानं. अक्का आमच्या समोरच्या घरात राहतात, सत्तरीच्या आहेत, आणि पेठेत कोणाच्या घरी काय शिजतंय हे त्यांना झाकण उघडायच्या आधी कळतं. दळणाचा डबा खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या.

"बाळू, काय होतंय रं तुला?"

मला बरं वाटलं. कोणीतरी बदल ओळखला. मी मशीन बंद केलं, श्वास घेतला आणि हळूच म्हणालो, "काही नाही अक्का. आयुष्यात महत्त्वाचं काय असतं ते जरा उशिरा कळलं, एवढंच. आता जितके दिवस मिळतील तितके तेजूबरोबर घालवायचे."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. पीठ उडून डोळ्यांत गेलं असेल, असं मला वाटलं.

आता तुम्हाला कळलं असेल पुढं काय झालं. मला नाही कळलं! माणूस चांगलं वागायला लागला की त्याला आधी आपलंच कौतुक ऐकू यायला लागतं.

तिसऱ्या दिवशी अक्कांकडून अळणी आली. अळणी म्हणजे मटणाचं पहिलं पाणी, ना तिखट ना मसाला. आमच्याकडं ते लहान पोरांना देतात आणि अंथरुणाला खिळलेल्यांना. मी तेजूला प्यायला दिलं आणि म्हटलं, बघ, लोकांना तुझं किती कौतुक. चौथ्या दिवशी दुसऱ्या घरातून पायाचं सूप. मग शहाळी. घरात इतकी शहाळी झाली की वैशाली त्यात डाळ शिजवायचा विचार करत होती.

पेठेतली माणसंही बदलली. आता हे खरं सांगतो, खोटं वाटेल. मी समोर आलो की लोक आवाज उतरवून बोलायला लागले. जो तालमीतला पोरगा रस्त्याच्या त्या टोकावरून 'दाजी' म्हणून बोंब मारायचा, तो जवळ येऊन खांद्यावर हात ठेवून 'बरं हाय न्हवं?' विचारायचा. बायका वैशालीच्या हातातली पिशवी काढून घेऊन दारापर्यंत पोचवायच्या. तेजूला जो तो चॉकलेट द्यायचा, तिच्या केसांवरून हात फिरवायचा.

संध्याकाळी मी वैशालीला म्हटलं, अगं, ही तर चळवळ झाली! आपलं बघून अख्खी पेठ सौम्य झाली. तिलाही ते पटलं. आम्ही दोघंही शिकलेली माणसं, हे लक्षात घ्या.

आणि तेजूमध्ये झालेला फरक तर विचारूच नका. मी खाली बसलो की तीही शेजारी बसायची, माझा हात हातात घेऊन. न सांगता पाणी आणून द्यायची. रस्ता ओलांडताना मला धरायची. काही म्हटलं तरी 'चालतंय की पप्पा' म्हणायची, एकदाही हट्ट नाही. रोज सकाळी मी तिला विचारायचो, आज तुला काय शिकावंसं वाटतं? ती म्हणायची, तुम्हाला काय आवडतं? मी वैशालीला सांगितलं, मुलं अशी मोकळी सोडली की किती समजूतदार होतात बघ. तिनं वहीत लिहून ठेवलं.

मग आम्ही शिकायला निघायचो. गिरण एका पोराच्या हवाली करून मी भर दुपारचा बाहेर. कागलला माझ्या मेव्हण्याच्या गोठ्यावर म्हशी बघायला गेलो, दोन दिवस राहिलो. तालमीत बसून कुस्त्या बघितल्या. आणि कबनूरला माझ्या दोस्ताकडं, रशीदकडं, यंत्रमाग बघायला गेलो. रशीद आणि मी कॉलेजात एका बाकावर होतो. त्याचे आठ माग आहेत.

मागाचा खडखडाट माहीत आहे ना? माझी गिरण त्याच्यापुढं देवघर. तिथं ओरडूनही काही कळत नाही, माणसं हातवारे करून बोलतात. आणि त्या खडखडाटात मी तेजूपुढं भिंतीला धरून खाली बसलो, डोळे मिटून श्वास घेतला, आणि उभा धागा आणि आडवा धागा खालच्या पट्टीत समजावून सांगायला लागलो.

रशीद लांबून बघत होता. त्याला माझे नुसते ओठ हलताना दिसत होते. त्यानं जाऊन एकेक करत आठही माग बंद केले. चालू धंद्यातले आठ माग! मग खुर्ची आणली, स्वतः मला उठवून बसवलं. मला भरून आलं. म्हटलं, एका लेकराला शिकता यावं म्हणून हा माणूस धंदा बंद ठेवतो. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "रशीद, गिरणीचं काय, बघेल कोणीतरी. मला आता हिला सगळं दाखवायचंय."

त्याचे डोळे भरले. कापसाचं तूस गेलं, म्हणाला.

एवढं सगळं बघून मला काय वाटावं? मला वाटलं, आता हे लोकांपुढं नीट मांडायला पाहिजे. शाळा सोडवण्यामागचा विचार काय, न ओरडता पोरं कशी वाढवायची, सगळं. तालमीतल्या आप्पा वस्तादांकडं गेलो. वस्ताद म्हणजे पेठेतलं वडीलधारं माणूस, पंचाहत्तरीतही मान खांबासारखी. म्हटलं, वस्ताद, रविवारी सकाळी तालमीत सगळ्यांना बोलवायचंय, मला मनातलं बोलायचंय. वस्तादांनी माझा दंड दाबून बघितला. मग म्हणाले, "बोल बाबा. मनात ठिऊ नको." आणि एवढा दगडासारखा माणूस, वळून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

गिरणीच्या फळ्यावर मी खडूनं लिहिलं, रविवारी गिरण बंद, सकाळी नऊ वाजता सर्वांनी तालमीत भेटावे, काही बोलायचे आहे.

रविवारी गेलो तर तालीम भरलेली. बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. दोन-अडीचशे माणूस, आणि चिडीचूप. मंगळवार पेठेत एवढी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. दारात रशीदची गाडी उभी. मागच्या सीटवर गादी घातलेली, उशी ठेवलेली. मला वाटलं, कबनूरहून लवकर निघाला असेल, वाटेत झोप काढली असेल.

मी उभा राहिलो. तेजू आणि वैशाली पहिल्या रांगेत. डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि अगदी खालच्या आवाजात सुरुवात केली. म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी गेल्या दीड महिन्यात माझ्यातला बदल बघितलाय. तुम्ही जे प्रेम दिलं ते मी विसरणार नाही. पूर्वी मी फार ओरडायचो, कोणाला दुखावलं असेल तर माफ करा.

मागून एक हुंदका आला. चांगलं चाललंय, असं मला वाटलं.

म्हटलं, माणूस धंद्याच्या मागं धावतो आणि लेकराबरोबर घालवायचे दिवस निघून जातात. मला हे वेळेत कळलं. आता मला कशाची भीती राहिली नाही.

झालं. बायकांच्या बाजूला एकदम रडारड सुरू झाली. शेवंताअक्का उठल्या, काठी टेकत पुढं आल्या आणि माझ्या कपाळावर अंगारा लावला. "बाळू, जोतिबाला नवस बोललीया मी. पर तू हट्ट सोड बाबा. रशीदनं गाडी आणलीया. आज मिरजला जायाचं."

आमच्या भागात मिरजेला नेणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. इथल्या डॉक्टरांनी मान हलवली की माणसाला मिरजेच्या दवाखान्यात नेतात.

मी म्हटलं, मिरजेला कोणाला न्यायचंय? कोण आजारी आहे?

वस्तादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आमास्नी समदं कळलंया, बाळू. चक्कर येऊन रस्त्यात बसतोस, दम लागतो, आवाज पार गेला. पोरीला शाळंत बी धाडंना झालास, डोळ्याम्होरं ऱ्हावी म्हणून. किती दिवस लपवणार हैस?"

दीड महिन्यातलं एकेक सूप, एकेक शहाळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. रशीदचे बंद माग गेले. आणि मग माझ्या पोटातून जे काही निघालं ते नियमात बसणारं नव्हतं.

"आरं मी ठणठणीत हाय की! कोण म्हणालं मी आजारी हाय? एका घासाला दोन भाकरी खातोय मी! मला काय धाड भरलीया?"

तालमीचे पत्रे वाजले. बाहेरच्या झाडावरचे कावळे उठले. आणि पेठेची तोंडं बघण्यासारखी झाली हो! घरात लग्न ठरावं तसा आनंद. वस्ताद म्हणाले, "आवाज आला बघा." तालमीतली पोरं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. रशीदनं मला अशी एक शिवी घातली की दीड महिन्याचं सगळं सूप त्यात वसूल झालं.

पण मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. कारण ओरडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं होतं की तेजू माझ्यापासून चार हातांवर आहे. मी तिच्याकडं बघितलं. हनुवटी थरथरत होती.

कशासाठी केलं होतं हे सगळं? या एका गोष्टीसाठी. आणि अडीचशे माणसांसमोर मी ते एका दमात घालवलं. मी खाली बसलो, या वेळी नियम म्हणून नव्हे, आणि म्हटलं, तेजू, तुझ्यावर नाही गं ओरडलो.

ती पळत आली आणि माझ्या गळ्यात पडून जी रडायला लागली ती थांबेचना. थांबली तेव्हा म्हणाली, "मला म्हाईत हाय. पप्पा, तुम्ही आता मरणार न्हाय न्हवं?"

नाही गं बाळा, म्हटलं.

"मग असंच बोला. हळू बोलू नका. हळू बोलला की मला रोज भ्या वाटायचं."

मी विचारलं, आणि पाढे म्हणताना? तेव्हा तर मी असाच मोठ्यानं बोललो होतो.

"तवा तुम्ही चिडला होता," ती म्हणाली. "चिडू नका. वरडा की."

दीड महिना वर्ग ऐकले, नियम पाळले, गुडघे मोडून घेतले, आणि चिडणं आणि ओरडणं यातला फरक मला आठ वर्षांच्या पोरीनं शिकवावा लागला. जन्मभर या गावात राहून मला तो कळू नये, याला काय म्हणायचं?

बरं, गाडी आलीच होती. रशीद म्हणाला, आता मिरजला जायाचंच, मी पेट्रोल टाकून आलोय. तिथं सतार बनवणारे कारागीर आहेत, ते तेजूला दाखवू. शाळेला तर ती अजून जात नाही. मी विचारलं होतं, तर म्हणाली, शाळा नको, गिरणीत बसूनच शिकते. आता आम्ही दोघंही ओरडून पाढे म्हणतो आणि पानवाला चुका काढतो.

पण त्या दिवसाचं सांगतो. गाडीत मागच्या गादीवर मी, वैशाली आणि तेजू ऐसपैस बसलो होतो. मी सहज तेजूला विचारलं, एवढे दिवस तू एकदाही हट्ट केला नाहीस, ते कसं काय गं?

ती म्हणाली, "शेवंताआज्जीनं सांगितलं होतं. पप्पांम्होरं हळू बोलायचं. कशाला न्हाय म्हणायचं न्हाय. खाली बसले की शेजारी बसायचं. आणि त्यास्नी जे बघायचंय तिकडं न्यायचं. मला म्हशी अजिबात आवडत न्हाईत, तरी दोन दिवस बसले की."

रशीदला हसू आवरेना, त्यानं गाडी कडेला घेतली. वैशालीनं पर्समधून आपली वही काढली, थोडी चाळली, आणि परत आत ठेवली.

तर जेंटल पेरेंटिंग आमच्या घरात झालं नाही, असं कोणी म्हणू नये. दीड महिना झालं, अगदी नियमानं झालं. फक्त त्यातलं मूल मी होतो.